लिपस्टिक पाम थंडीत चालतो म्हणून विकतायत, निफाडकरांनो सावध रहा

निफाड, ओझर, पिंपळगाव साईडला कुणी ऑनलाईन लिपस्टिक पाम (लालभडक देठांचा शोभेचा पाम) मागवणार असेल तर थांबा, आधी हे वाचा.

मला विकणाऱ्याने ठासून सांगितलं की ही कोल्ड व्हरायटी आहे, आम्ही रोपं थंडीला सेट करूनच पाठवतो, 4 डिग्रीला पण काही होत नाही. साडेचार हजार आधीच यूपीआयने घेतले. रोपं आली तर देठ पिवळे, फोन केला की म्हणायचा लाल रंग मोठं झाल्यावर येतो, धीर धरा. माणूस फसतो तो इथेच, कारण हे अर्धं खरं आहे, लिपस्टिक पामला भडक लाल रंग वयानेच चढतो, आणि त्या जोरावर त्याने मला महिनोन् महिने गप्प बसवलं. शेवटी ओळखीच्या नर्सरीवाल्या काकांना दाखवलं, ते बघताक्षणी म्हणाले अहो हा साधा अरेका पाम आहे, पिवळ्या देठावरचे बारीक काळे ठिपके बघा की. कुठल्याही नर्सरीत स्वस्तात मिळणारं झाड!

आणि खरा लिपस्टिक पाम दिला असता तरी आपल्याकडे टिकला नसता. मूळचा मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतला तो, बारा महिने उकाडा आणि मुळाशी ओल लागते. पारा 10 च्या खाली उतरला की त्याचे हाल सुरू होतात, आणि आपल्या कुंदेवाडीला डिसेंबर-जानेवारीत 5 च्या खालचे आकडे लागतात, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. थंडी काढणारी व्हरायटी या झाडात नाहीच, कुणी कितीही शपथा घेऊ दे.

वेगळा पाम हवाच असेल तर बिस्मार्क बघा, मादागास्करचा असून आपली थंडी काढतो. पण चंदेरीच घ्या, हिरवा प्रकार थंडीला नाजूक असतो, आणि पिशवीत वाढलेलंच रोप घ्या, जमिनीतून उपटलेलं नको, मुळं दुखावली की जातो तो. नर्सरीत जाऊन स्वतः बघून घ्या, पैसे नंतर.

पैसे परत मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केलीय, कुणाचे असे पैसे गेले असतील तर लगेच तिथे फोन करा, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट करू नका. तो अजून तेच फोटो टाकून विकतोय, आता नाव बदलून.