फॉरेक्स कार्ड की क्रेडिट कार्ड?

युरोपात फिरताना रोजच्या खर्चाला मी फॉरेक्स कार्डच, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, वापरेन. युरो भरले त्या दिवशीचा दर पक्का. पुढे रुपया घसरला तरी झळ नाही. फक्त स्वित्झर्लंडात फ्रँक चालतो, तिथे युरोचं कार्ड वापरलं की चलनबदलाचा भुर्दंड बसतो.

क्रेडिट कार्डावर अनेक बँका ३.५ टक्के मार्कअप (चलनबदलाचं शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लावतात. म्हणजे १०० युरोंच्या जेवणावर चार युरो वरचे! पण भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट ठेवायला तेच लागतं. तिथे फॉरेक्स कार्ड अनेकदा नाकारतात. एटीएममधून मात्र क्रेडिट कार्डाने पैसे काढू नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू. आणि मशीनने ‘रुपये की युरो?’ विचारलं, तर कार्ड कुठलंही असो, युरोच दाबा.