बॅटरीवरच्या स्पीकरचा नऊ महिन्यांचा अनुभव, आणि ढोलकी गायब झाल्याचे प्रकरण

मी एकट्याने कार्यक्रम करतो. गिटार, एक माईक आणि जुन्या टॅब्लेटमधले ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली वाद्यांची साथ, एवढ्या सामानावर पुण्यातील सोसायट्यांची स्नेहसंमेलने, साखरपुडे आणि गणपतीतील एखाद-दुसरी संध्याकाळ असे दोन-दोन तास निभावून नेतो. त्यासाठी पाडव्याच्या सवलतीत २४,५०० रुपयांना आठ इंची, बॅटरीवर चालणारा, तीन इनपुट आणि ब्लूटूथ असलेला स्पीकर घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले सगळेच स्पीकर साधारण एका साच्यातले असतात आणि ज्यांना तो घ्यायचा आहे त्यांनी माहितीपत्रक आधीच पाठ केलेले असते.

हा मजकूर मी सप्टेंबरात लिहायला घेतला होता, तेव्हा त्याचा सूर ‘कृपया घेऊ नका’ असा होता. तो का बदलला, हेच मुख्यतः सांगायचे आहे.

पहिले चार महिने मी ट्रॅक ब्लूटूथवरून वाजवत होतो. ब्लूटूथमुळे आवाज उशिरा येतो आणि गायकाचा ताल चुकतो, असे अनेक जण बजावतात. उशीर होतो हे खरे आहे. पण आपण ज्या स्पीकरमधून ट्रॅक ऐकतो त्याच स्पीकरमधून गातो, त्यामुळे ट्रॅक पाव सेकंद उशिरा सुरू झाला तरी गाणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते वेगळ्या कारणाने. जुलैमध्ये एका साखरपुड्यात माझ्या टॅब्लेटची जोडणी क्षणभर तुटली आणि तेवढ्यात मुलाकडच्या कुणाचा तरी मोबाईल स्पीकरला जोडला गेला. अंगठ्या घालण्याच्या आधीच्या शांततेत क्रिकेटचे समालोचन सुरू झाले. त्या दिवशी मी ब्लूटूथ कायमचे सोडले आणि तपकीर गल्लीतून १५० रुपयांची वायर आणली. तिच्या एका टोकाला टॅब्लेटसाठी छोटी स्टिरिओ ईपी पिन, म्हणजे हेडफोनची असते तशी पिन, होती आणि दुसऱ्या टोकाला स्पीकरसाठी मोठा जॅक होता.

ऑगस्टमध्ये एका मंगळागौरीच्या कार्यक्रमात बायकांनी लावणीची फर्माईश केली. मी ट्रॅक लावला आणि ढोलकी ऐकूच आली नाही. बासही नव्हता. हार्मोनियमची मागची गूंज, टाळांचा चुरचुराट आणि कुठेतरी विहिरीतून आल्यासारखे व्हायोलिन एवढेच शिल्लक होते. आवाज वाढवला तर व्हायोलिन वाढले, ढोलकी आली नाही. ढोलकीशिवाय लावणी म्हणणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. बायका फार समजूतदार होत्या आणि त्यांनी टाळ्यांवर ताल धरला, पण मानधनाचे पाकीट घेताना मला मान वर करवली नाही.

घरी येऊन तपासले. तोच ट्रॅक ब्लूटूथवरून लावला की ढोलकी स्वच्छ ऐकू येई. वायरीने लावला की नाहीशी होई. एका जाणकाराने टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून दोन्हीकडे एकच आवाज देण्याची सोय, चालू करण्याचा सल्ला दिला. ते चालू करताच वायरीवरचा सगळाच आवाज जवळपास नाहीसा झाला. आता माझी खात्री पटली की स्पीकरचा तिसरा इनपुट गेला आहे. वॉरंटी एक वर्षाची होती, तेव्हा मी सतरा किलोचे ते धूड रिक्षात घालून अधिकृत दुरुस्ती केंद्रावर नेले.

तिथे तीन दिवसांनी उत्तर मिळाले की स्पीकरमध्ये कोणताही दोष नाही. त्यांनी स्वतःच्या वायरीने तिन्ही इनपुट वाजवून दाखवले आणि ढोलकी खणखणीत ऐकू आली. त्यानंतर तपासणी शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, असे ५९० रुपये मागितले. दोष सापडला असता तर शुल्क नव्हते. न सापडल्यामुळे होते. या तर्कशास्त्रावर मी काउंटरवरच्या मुलाशी पाऊण तास वाद घातला. ‘तुम्ही तुमची वायर दाखवता का?’ असे त्याने एकदाही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर ती सोबत नेण्याचे मलाही सुचले नव्हते. ५९० रुपये भरले. पावती जपून ठेवली आहे.

उलगडा कोजागरीला झाला. एका सोसायटीच्या गच्चीवर साडेआठला सुरू करून दहाला आवाज बंद करायचा होता, आणि माझ्याआधी गाणाऱ्या मुलांसोबत एक अनुभवी कीबोर्डवादक आला होता. माझी वायर हातात घेऊन त्याने जॅककडे पाहिले आणि विचारले, ‘काका, याच्यावर दोन काळ्या रेघा कशाला?’

त्या दोन रेघांतच सगळे प्रकरण होते. एक रेघ असलेला मोठा जॅक, म्हणजे दुकानदार ज्याला पी-३८ म्हणतात तो, एकच संकेत वाहून नेतो. दोन रेघांच्या जॅकला टोक, मधले कडे आणि बूड असे तीन भाग असतात. माझ्या वायरीत टॅब्लेटचा डावा आवाज टोकाला आणि उजवा मधल्या कड्याला पोहोचत होता. पण स्पीकरच्या या इनपुटला कड्यावर दुसऱ्या बाजूचे संगीत अपेक्षितच नसते. लांब वायरीत शिरलेली घरघर काढून टाकता यावी म्हणून तो टोकावरच्या संकेतातून कड्यावरचा संकेत वजा करतो. माईकच्या बाबतीत हे वरदान आहे. माझ्या बाबतीत डाव्यातून उजवे वजा होत होते, आणि जे दोन्हीकडे सारखे होते ते शून्य होत होते. ढोलकी, बास, तबल्याचा डग्गा हे ट्रॅक करणारे बहुधा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच. उरते ते फक्त बाजूला पसरलेले व्हायोलिन आणि गूंज. मोनो केल्यावर दोन्ही बाजू संपूर्ण सारख्या झाल्या आणि वजाबाकीत काहीच उरले नाही. गाण्यातून गायकाचा आवाज काढून स्वस्तातला कराओके बनवण्याची जी जुनी युक्ती आहे, ती हीच; माझ्या १५० रुपयांच्या वायरीने ती ढोलकीवर चालवली.

उपाय त्यानेच सांगितला. दोन पी-३८ असलेली दुहेरी वायर घेतली तर दोन इनपुट अडतात, आणि माईक व गिटार जोडल्यावर माझ्याकडे एकच उरतो. छोटा मिक्सर घेता आला असता, पण त्यासाठी आणखी तीन-चार हजार आणि आणखी एक सॉकेट लागले असते. म्हणून मी ४० रुपयांचा एक रेघेचा जॅक आणला, त्याच्या टोकाला फक्त डावी तार आणि बुडाला वायरीतली तारांची जाळी डाखली, उजवी तार टेप लावून मोकळी सोडली, आणि टॅब्लेटवर ‘मोनो ऑडिओ’ कायमचे चालू ठेवले. डावी आणि उजवी तार एकत्र पिळून जोडण्याचा मोह टाळावा, कारण मग टॅब्लेटचे दोन्ही आउटपुट एकमेकांशी झगडत राहतात. प्रत्येक तारेत रोधक (रेझिस्टर) घालून मग जोडल्या तरच ते चालते. या वायरीला दुसऱ्या कुणाचा मोबाईल जोडला की फक्त डावी बाजू ऐकू येते. एका चिमुरडीच्या नाचाला तिच्या आईच्या मोबाईलवरून गाणे लावले तेव्हा तुतारी गेली. आता आधी सेटिंग बघतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बॅटरी सहा तास चालते हा दावा हळू आवाजापुरता खरा आहे. गच्चीवर पुरेशा आवाजात ती साडेतीन तास टिकते आणि माझे काम भागते. बॅटरीवर चालवण्याचा खरा लाभ मला नंतर कळला. मंडपातल्या अर्थिंग नसलेल्या जोडणीमुळे येणारी घरघर बॅटरीवर पूर्ण थांबते, मात्र टॅब्लेटही चार्जरवर नसावा लागतो. स्पीकर मागे ठेवून स्वतःलाच ऐकण्याचा प्रयत्न करू नये, माईक शिट्टी मारतो. दोन पावले पुढे, बाजूला आणि उंच स्टँडवर ठेवावा. ट्रॅकच्या आवाजातला चढउतार ही मात्र स्पीकरची चूक नाही. मी ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माझे ११२ ट्रॅक एका पातळीवर आणले आणि पांढरी चार पट्टीचे ट्रॅक माझ्या काळी दोन पट्टीत उतरवले. दोन अर्धस्वरांपर्यंत तबला बरा वाटतो, त्याच्या पुढे तो ओल्या गोणपाटावर वाजवल्यासारखा ऐकू येतो.

तरी एक तक्रार मी मागे घेत नाही. माहितीपुस्तिकेची २८ पाने आहेत, त्यांतील चार पानांवर पावसात वापरू नये हे निरनिराळ्या भाषांत छापले आहे, पण या इनपुटला स्टिरिओ वायर थेट जोडू नये, हे एक वाक्य कुठेही नाही. ते असते तर माझे ५९० रुपये, दोन रिक्षाभाडी आणि एक मंगळागौर वाचली असती. ऐंशी-शंभर माणसांच्या कार्यक्रमासाठी स्पीकर घ्यायचा असेल तर हा खुशाल घ्यावा. वायर घेताना मात्र दुकानातच जॅकवरच्या रेघा मोजाव्यात.