'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट': सात महिने ऐकल्यावर

आधी कबुली देते. गायक-गिटारवादक निक ड्रेकचा हा पहिला अल्बम मी ऐकायला घेतला तो त्याच्या मरणामुळे. लाजाळू इंग्रज मुलगा, तीन अल्बम, हयातीत फारसं कुणी विचारलं नाही, १९७४ साली वयाच्या २६व्या वर्षी गेला आणि मग सगळे हळहळायला लागले. एवढं वाचल्यावर माणूस हातात रुमाल घेऊनच ऐकायला बसतो. मार्चमध्ये मी तशीच बसले होते. आता ऑक्टोबर आलाय आणि त्या रुमालाची मला लाज वाटते.

माझं ऐकणं मुख्यतः ठाणे-वाशी लोकलमध्ये, कारण ऑफिस तुर्भ्याला. गाडी रखडली नाही तर पहिल्या बाजूची पाच गाणी जेमतेम तुर्भ्यापर्यंत संपतात. पण स्पष्ट सांगते, हा लोकलमध्ये ऐकायचा अल्बम नाही. पोरगा गातो अगदी हळू, ओळीचा शेवट तर श्वासातच विरघळवतो. डब्यातले पंखे, घोषणा, ऐरोलीला चढणाऱ्या बायकांची जागेवरून बाचाबाची, या सगळ्यात फक्त गिटार पोचते. व्हायोलिन आणि चेलो कळव्याच्या खाडीतच बुडतात. महिनाभर मी अर्धाच अल्बम ऐकत होते आणि वर 'किती एकाकी' म्हणून उसासे टाकत होते. कान नीट बंद करणारे इअरफोन घेतले तेव्हा कळलं, एकाकी कसला, त्याच्या मागे माणसंच माणसं वाजवतायत. डॅनी थॉम्पसनचा डबल बास तर खर्जासारखा खाली धरून असतो.

जूनमध्ये रेकॉर्ड मागवली. पहिली आली ती वाकलेली, सुई होडीसारखी वरखाली. विकणाऱ्याने तीन आठवडे फोटो मागण्यात घालवले, मग बदलून दिली. दुसरी चांगली आहे. फक्त एक आहे, इतक्या शांत रेकॉर्डवर धुळीचा कणही ऐकू येतो. दर वेळी ब्रश फिरवायचा कंटाळा असेल तर फोनवरच ऐका.

रेकॉर्ड घरात वाजायला लागली आणि बाबा त्यात शिरले. बाबांनी तरुणपणी नौपाड्यात सात-आठ वर्षं तबला केलाय. इंग्रजी गाण्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं, 'चार मात्रांचा कारखाना.' पहिल्या बाजूचं दुसरं गाणं, 'रिव्हर मॅन', लागलं तेव्हा ते पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपरामागून बोटं वाजायला लागली.

"अगं, हे पाचाचं आहे."

आहेच. पाच मात्रांची दोन आवर्तनं जोडली की झपतालाच्या दहा मात्रा भरतात. बाबांनी लगेच मांडीवर धी ना, धी धी ना लावून बघितलं. बसलं, पण त्यांचं समाधान होईना. "मात्रा झपतालाच्या आहेत, पण खाली कुठे सापडत नाही. नुसतं वाहतंय." (खाली म्हणजे तालात टाळी न देता मोकळी सोडायची जागा.) गाण्यात ठेका धरायला ड्रम नाहीच, गिटारच पाच मोजते आणि वर तंतुवाद्यं ढगांसारखी सरकतात. नदीवरच्या गाण्याबद्दल बाबांच्या त्या 'वाहतंय'हून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. त्या रात्री त्यांनी ते चार वेळा लावायला सांगितलं. इंग्रजी शब्द त्यांना निम्मेच कळले, त्याने काही बिघडलं नाही.

रुमाल तिथे गळून पडला. हा बिचारा मुलगा नव्हे, हट्टी मुलगा आहे. निर्माता जो बॉइडने आधी एक अनुभवी वाद्यसंयोजक दिला होता. त्याचं काम याला पटलं नाही. विशीतला, पहिलाच अल्बम करणारा पोरगा, नाही म्हणाला आणि केंब्रिजमधला आपला मित्र रॉबर्ट कर्बी याला घेऊन आला. तोही विद्यार्थीच. 'वे टू ब्लू' ऐका, त्यात गिटार अजिबात नाही, फक्त आवाज आणि कर्बीची तंतुवाद्यं. गिटारवाल्याने स्वतःच्या पहिल्या अल्बमवर गिटार खाली ठेवायची म्हणजे केवढा आत्मविश्वास! 'रिव्हर मॅन' मात्र कर्बीला झेपेना, म्हणून ते हॅरी रॉबिन्सनकडे गेलं.

तसंच तारांचं. गाण्यागणिक तो गिटार वेगळी जुळवायचा. कार्यक्रमात दोन गाण्यांमध्ये जुळवणी चालायची आणि श्रोते चुळबुळायचे. आपल्याकडे गडकरी रंगायतनला तानपुरे लागेपर्यंत लोक माना डोलवत बसले असते. चुकीच्या गावात जन्मला, असं मी गमतीत म्हणायचे. नंतर वाचलं तर जन्म रंगूनचा, १९४८चा, आणि वडील 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये इंजिनिअर! म्हणजे मुंबईचं नाव त्याच्या घरात पगाराबरोबर येत होतं. याचा गाण्यांशी काही संबंध नाही, पण बाबांना हे सांगितल्यापासून ते त्याला 'आपला निक' म्हणतात.

अल्बमच्या नावाचंही तसंच. 'पाच पानं उरली' म्हणजे पानगळ असणार, असं मी मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं. निघालं ते सिगारेट वळायच्या कागदाच्या पाकिटातलं. कागद संपत आले की तशी सूचना देणारी चिठ्ठी त्यात असायची.

सगळंच आवडलं असं नाही. 'द थॉट्स ऑफ मेरी जेन'मधली बासरी मला अजूनही गोडमिट्ट वाटते, लग्नाच्या व्हिडिओत शोभेल. 'थ्री अवर्स' सहा मिनिटांच्या वर जातं. घरी चालतं, उभ्याने प्रवासात नाही. 'फ्रूट ट्री'बद्दल माझंच ठरत नाही. कीर्ती मेल्यावर येते अशा अर्थाचं ते गाणं, आणि त्याच्या बाबतीत झालंही तेच, त्यामुळे तिथे रुमाल परत खुणावतो. मी अलीकडे ते फक्त चालीसाठी ऐकते. उलट, मार्चमध्ये मी पुढे ढकलायचे ते शेवटचं 'सॅटर्डे सन' आता सगळ्यात जास्त लावते. त्यात तो गिटार सोडून पियानोवर बसतो आणि सोबत व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजतो. पावसाने उघडीप दिल्यावर मासुंदा तलावाच्या पाण्यावर दुपारचं ऊन पडतं ना, तितकंच ऊन. जास्त नाही.

घेणार असाल तर ठाण्याच्या हवेचा विचार करा. जुलैत माझ्या कव्हरच्या पाठीवर बुरशीचे दोन डाग आले, भिंतीला टेकवून ठेवण्याचा मूर्खपणा माझाच. आता प्लास्टिकचं बाहेरचं पाकीट घातलंय, रेकॉर्ड उभी ठेवते आणि कपाटात औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या आहेत. तबकडीला काही झालेलं नाही. सुई मात्र बदलायला आलीय, आणि पहिल्या बाजूचं दुसरं गाणं एवढं कोण झिजवतंय हे घरात सगळ्यांना माहीत आहे.