तोरणमाळ की पाटणादेवी?

धुळ्याच्या भाच्याला श्रावणात कॅमेरा घेऊन एकाच ठिकाणी जायचंय: सातपुड्यातलं थंड हवेचं तोरणमाळ, नाहीतर चाळीसगावजवळचं देवीचं ठिकाण पाटणादेवी.

खर्च नि दगदग पाहिली तर पाटणादेवी सोपी. चाळीसगावला रेल्वेनं उतरा, पुढे साधारण 18 किलोमीटर. तोरणमाळला शहाद्याहून घाट चढा, वर मुक्काम हवाच.

पण दृश्याचं म्हणाल तर तोरणमाळच्या सीताखाईची दरी ती सीताखाईच! सातपुड्यात 1000 मीटरांहून वर ढग खालून अंगावर येतात. बराच वेळ नुसतं पांढरं, मग एकदम सगळं उघडतं. लेन्स पुसायला सुती फडकं ठेव, सारखं लागतं. पाटणादेवीला केदारकुंड धबधब्यासाठी गौताळ्याच्या जंगलातून पायपीट. झाडीत उजेड कमी, म्हणून ट्रायपॉड. चंडिकेचं दगडी मंदिर मात्र भरपावसातही छान येतं.

एकच दिवस, सोबत आईवडील, तर पाटणादेवी. दोन दिवस, स्वतःची गाडी आणि ढगांची वाट बघायचा धीर असेल तर तोरणमाळ.