माजघरापर्यंत पोहोचलेला आवाज : नवी पेठेतील एका दुकानाच्या कामाविषयी

सोलापूरच्या पूर्व मंगळवार पेठेतील आमचे घर माळवदी आहे आणि दिवाणखाना व माजघर यांच्यामध्ये जवळजवळ दोन फूट जाडीची दगडी भिंत आहे. दिवाणखान्यात पाच स्पीकरांचा होम थिएटर संच असला, तरी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला तेथे येऊन बसणे जमेनासे झाले. सकाळचे अभंग आणि आषाढीला पंढरपूरहून होणारे थेट प्रक्षेपण तिला माजघरात पडल्या पडल्या ऐकता यावे, एवढ्यासाठी मी हे काम नवी पेठेतील एका दुकानाकडून करून घेतले.

त्याआधी मी ब्लूटूथ स्पीकर वापरून पाहिला होता. ब्लूटूथने आवाज पाठवताना तो आधी सांकेतिक रूपात बदलावा लागतो आणि पलीकडे पुन्हा उलगडावा लागतो, त्यात 0.1 ते 0.2 सेकंद सहज जातात. त्यामुळे मधले दार उघडे असले की अभंगाची प्रत्येक ओळ दोनदा कानी पडे, आणि ते बंद केले की दगडी भिंतीमुळे आवाज मध्येच तुटे. दुकानातील कारागिराने भिंत पाहताच तारेचाच आग्रह धरला, तो पूर्णपणे योग्य होता.

तार मात्र त्याने प्रथम 0.5 चौरस मिलिमीटरची आणली. रिसीव्हरपासून, म्हणजे होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रापासून, माजघरापर्यंत अंतर 18 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 36 मीटर तांबे; एवढ्या बारीक तारेत सुमारे 1.4 ओहम रोध येतो आणि 8 ओहमच्या स्पीकरसाठी तो फार होतो. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत तोच रोध 0.3 ओहमच्या आत राहतो. हे दाखवून दिल्यावर दुकानाने कोणतीही कुरकुर न करता तार बदलली, आणि स्पीकरची तार विजेच्या तारांबरोबर एकाच पट्टीतून न नेता स्वतंत्र पट्टीतून नेली. माझ्या मते या कामात सर्वांत महत्त्वाची काळजी हीच आहे.

खरी अडचण नंतर आली. आमचा रिसीव्हर सात चॅनेलांचा, म्हणजे सात स्पीकरांना वेगवेगळा आवाज देऊ शकणारा, आहे; पाच दिवाणखान्यात वापरले जातात आणि उरलेले दोन ‘झोन 2’ म्हणून दुसऱ्या खोलीला देता येतात. सर्व जोडणी झाली, तरी माजघरात आवाजच येईना. कारागिराने स्पीकर दोनदा बदलून पाहिला आणि अर्धा दिवस वाया गेला. कारण वेगळेच होते : आमच्या रिसीव्हरचा झोन 2 फक्त अ‍ॅनालॉग आवाज स्वीकारतो आणि सेट-टॉप बॉक्सचा आवाज एचडीएमआयने, म्हणजे डिजिटल स्वरूपात, येत होता. बॉक्सच्या मागील लाल-पांढऱ्या जोडणीतून वेगळी केबल देताच स्पीकर बोलू लागला. हे काम करणाऱ्या दुकानाने रिसीव्हरची पुस्तिका काम घेण्यापूर्वीच वाचायला हवी होती, ही माझी स्पष्ट तक्रार आहे.

माजघरात एकच स्पीकर असल्यामुळे सुरुवातीला फक्त डावा भाग ऐकू येत असे. पेटी ठसठशीत आणि पखवाज कुठेतरी दूर. मेनूमध्ये झोन 2 ‘मोनो’ केल्यावर दोन्ही भाग एकत्र आले. रिसीव्हर बंद कपाटात ठेवू नका, हा कारागिराचा सल्लाही मोलाचा ठरला, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन जादा चॅनेल चालवताना त्याचे झाकण चांगलेच तापते.

स्पीकर, तार, पट्टी आणि मजुरी मिळून 7,400 रुपये झाले. रक्कम मला वाजवी वाटते. रिमोटचे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत आणि मोबाइलवरील ॲप आईला जमत नाही, म्हणून दुकानाने वेगळे 900 रुपये घेऊन तिच्या पलंगाशेजारी भिंतीवर आवाज कमी-जास्त करण्याचे गोल बटण बसवून दिले. काकडा सुरू झाला की ती स्वतःच हात लांबवून ते फिरवते.