गड्ड्यात घेतलेला बोन्साय आणि नसलेली मुळं

यंदा सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, होम मैदानावरच्या एका स्टॉलवरून मी ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचे दोन बोन्साय घेतले. अडीच हजार रुपये गेले. पुढच्या संक्रांतीला तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

आईला गुडघ्यांमुळे गच्चीवर जाता येत नाही. तिच्या खोलीत काहीतरी हिरवं हवं होतं. विकणारा म्हणाला, "ताई, हिमालयातलं झाड आहे. घरात कुठंपण ठेवा, ऊन लागत नाही. आठवड्यातून कपभर पाणी बास." चपटी कुंडी, वर पांढऱ्या खड्यांचा थर, गर्द हिरवा झुपका. माझं बघून मैत्रिणीनंही एक घेतलं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

महिनाभर झाड टवटवीत होतं. मग हिरव्यावर राखाडी झाक आली आणि हात लावला की पानं गळायला लागली. पाणी वाढवलं, तर ते कडेनंच वाहून गेलं. खडे डिंकानं चिकटवलेले होते! ते फोडून खोड ओढलं, तर अलगद हातात आलं. मुळं नव्हतीच. छाटलेली फांदी तारेनं कुंडीला बांधून मातीत खोचली होती.

जास्वंदीची फांदी तोडली की काही तासांत मान टाकते. ज्युनिपरची पानं बारीक, मेणचट. त्यांतलं पाणी लवकर उडत नाही. तोडलेली फांदी कित्येक आठवडे हिरवीच दिसते. आपल्याला कळेपर्यंत गड्डा उठलेला असतो. बिल नव्हतं, कार्डावरचा फोन बंद.

मुळं असती, तरी घरात ते टिकलं नसतं. ज्युनिपरला भरपूर ऊन आणि हिवाळ्यात खरी थंडी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, हेही विसरू नका.

कुठलंही सूचिपर्णी झाड घेताना खडे हलवून बघा, खोड हळूच डोलवा. शेंड्याजवळ नखानं साल जराशी खरवडा. आत ओली हिरवी दिसली पाहिजे. तपकिरी असेल तर ती फांदी गेलेली. पण साल हिरवी म्हणजे मुळं आहेतच असं नाही, आमची फांदीही सुरुवातीला हिरवीच असणार. गच्चीसाठी आपली मोरपंखी घ्या. लहानपणी पुस्तकात 'विद्या' म्हणून ठेवायचो तीच. ती सोलापूरचं ऊन सोसते.

आईच्या खिडकीत, भरपूर उजेडात, आता अरोकेरिया आहे, घरात टिकणारं सूचिपर्णी झाड. नर्सरीत पिशवी सोडून मुळं दाखवायला लावली आणि बिल घेतलं, मगच रिक्षात ठेवलं.