दिवसा अलाइनमेंट, रात्री ड्रिफ्ट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सोलापुरात विजापूर रोडला एका टायरच्या दुकानात मी व्हील अलाइनमेंट करतो, म्हणजे चाकांचे कोन जुळवतो. गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून खातोय, गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग वाकडं राहतं, अशी गिऱ्हाइकं दिवसभर. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत की बाहेर किती कललंय, कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तो पुढंमागं किती झुकलाय, टो म्हणजे चाकांची पुढची तोंडं आत की बाहेर. मशीनच्या स्क्रीनवर लाल दिसणारे हे आकडे हिरवे करायचे आणि गाडी सोडायची. नोव्हेंबरात दिवाळीची गर्दी ओसरल्यावर दुकानातल्या एका पोराने माझ्या फोनमध्ये ड्रिफ्टचा, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम घसरवत न्यायचा, गेम टाकून दिला. रात्री घरी त्यातलं गॅरेज उघडलं तर समोर तेच तीन आकडे. फक्त इथं ते मुद्दाम बिघडवायचे होते.

गेमचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलं की जाहिरात म्हणतात, वाईट लिहिलं की बदनामी. शिवाय फुकटातले असे चार-पाच गेम मी टाकून बघितले, सगळ्यांची कुंडली जवळपास एकच आहे. वळणावर गाडी आडवी घालायची, पॉइंट मिळवायचे, पॉइंटांच्या पैशातून गाडी सजवायची, परत आडवी घालायची. गाड्यांची नावंही खोटी असतात. खऱ्या कंपनीचं नाव वापरायचं तर परवाना लागतो, म्हणून आकार ओळखीचा आणि नाव भलतंच. मी पहिली घेतली ती उघडउघड जुनी टोयोटा एई८६ आहे. १९८३ ते १९८७ या काळात निघालेली, १.६ लिटर इंजिनची, हलकी आणि मागच्या चाकांवर चालणारी. ज्यांना जग 'ड्रिफ्ट किंग' म्हणतं त्या केइची त्सुचियांची ही गाडी. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर ती घसरवत त्यांनी नाव काढलं.

ड्रिफ्टचा गेम मला अगदीच नवा नव्हता. शाळेत असताना एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' खेळलोय. २००३ चा गेम. त्यात ड्रिफ्टची वेगळी शर्यत होती आणि भिंतीला घासलं की साठत आलेले पॉइंट बुडायचे. तिथं आम्ही गाडीखाली निळी निऑन लावायचो आणि मागं भलामोठा स्पॉइलर. त्याने गाडी कशी चालते याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. फोन तिरका करून चालवायचा प्रकार गादीवर आडवं पडून जमत नाही, मान आणि गाडी दोन्ही एकाच बाजूला जातात. बाणांची बटणं ठेवली तर स्टेअरिंग एकदम या टोकाला नाहीतर त्या टोकाला. शेवटी स्क्रीनवरचं गोल स्टेअरिंग ठेवलं आणि अंगठ्याला सवय लावली. ज्यांनी बटणांवर खेळून 'गाडी ऐकतच नाही' असं लिहिलंय त्यांनी हे एकदा करून बघा. गाडी ऐकते, आपणच तिच्यावर ओरडत असतो.

आता मुख्य गोष्ट, ट्यूनिंग. यावर थोडं जास्त लिहितो, कारण मी गेम काढून टाकला नाही तो याच्यासाठी.

साध्या हॅचबॅकचं पुढचं चाक कॅम्बरला उणे दीड अंशावर, म्हणजे वरून आत कललेलं, दिसलं तरी मी गिऱ्हाइकाला विचारतो, खड्ड्यात जोरात गेली होती का? गेममध्ये माझ्या गाडीला पुढे उणे पाच आहे. सुरुवातीला वाटलं, नुसतं दिसायला करतात. मग एका रात्री एकाच वळणावर कॅम्बर बदलत तीसेक फेऱ्या मारल्या आणि उलगडलं. समजा वळण डावीकडे आहे. गाडीचं मागचं ढुंगण उजवीकडे सुटलंय, म्हणून स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे मारलंय. सगळा भार उजव्या बाजूच्या पुढच्या चाकावर. कॅस्टर असल्यामुळे स्टेअरिंग इतकं मारल्यावर तेच चाक वरून बाहेर कलंडतं. ते आधीच आत कललेलं ठेवलं असेल तर नेमकं त्या वेळी रस्त्यावर सपाट बसतं. म्हणजे आमच्या मशीनवर जो आकडा भडक लाल दिसेल तो ड्रिफ्टच्या गाडीला बरोबर आहे. गेममध्ये मी कॅस्टर कमी करून बघितला, तर तोच उणे पाच कॅम्बर उलटा नडायला लागला आणि नाक बाहेर पळायला लागलं. फुकटातल्या गेमने एवढा हिशेब आत ठेवलाय, याचं मला खरोखर कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पोरांना खडूने फरशीवर काढून दाखवलं. मालक म्हणाले, "आधी त्या आय-टेनचं बॅलन्सिंग कर."

डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग, त्याचंही तसंच. साध्या गाडीत दोन मागच्या चाकांपैकी ज्याची पकड कमी, ताकद तिकडं निसटते. आपल्याकडे उसाची ट्रॉली चिखलात रुतली की ट्रॅक्टरवाला डिफ लॉक टाकतो आणि दोन्ही चाकं एकसारखी फिरायला लागतात, तेच ड्रिफ्टला लागतं. गेममध्ये लॉक पूर्ण केल्याशिवाय वळणात एकच चाक धूर काढतं आणि गाडी मधेच सरळ होते. मागच्या टायरात हवा वाढवली की पकड सुटते, कमी केली की चिकटते, हेही पटण्यासारखं आहे. गिअरचं एक सांगतो: रेशो असे लावा की अख्खं वळण तिसऱ्या गिअरमध्ये निघेल. मधेच गिअर बदलला की मागचा झटका तुटतो.

न पटणारी गोष्ट म्हणजे टायर. गेममध्ये टायर झिजतच नाही. आम्हाला तर टायरच्या कडेवर हात फिरवला की गाडीचा इतिहास कळतो. उणे पाच कॅम्बरवर आतली कड किती दिवसांत तारेवर येईल, हे मला डोळ्यांसमोर दिसतं आणि स्क्रीनवर मात्र टायर कायम कोरा करकरीत. खऱ्या ड्रिफ्टच्या स्पर्धेत मागचे टायर बदलत राहणं हाच मोठा खर्च असतो.

गुण देण्याची पद्धतही मला अर्धीच पटते. अमेरिकेत २००४ पासून फॉर्म्युला ड्रिफ्टची स्पर्धा होते, तिथं परीक्षक गाडीची रेषा, कोन आणि ढंग बघतात. दोन गाड्या जोडीने सुटतात तेव्हा मागच्याने पुढच्याला किती जवळून गाठलं, यावर निकाल फिरतो. गेम फक्त कोन आणि वेग मोजतो. त्यामुळे ऑनलाइन गेलात की निम्मी पोरं रस्ता सोडून पार्किंगच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरून लाखांनी पॉइंट कमावत असतात. गोल फिरणाऱ्याला मी ड्रिफ्ट म्हणत नाही. लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआ बघायचो, तिथला मारुती ८०० वालासुद्धा गोलच फिरायचा, पण त्याचा जीव टांगणीला असायचा.

आता गाडी सजवण्याबद्दल. बंपर, साइड स्कर्ट, रिम, खिडकीच्या काचांचा रंग हे सगळं आहे, पण मी अडकलो ते स्टिकरमध्ये. चौकोन, त्रिकोण, गोल असे आकार एकावर एक ठेवून काहीही काढता येतं. माझ्या डोक्यात आलं, गाडीवर सोलापुरी चादर काढायची. एमएच-१३ ची पाटी आणि दोन्ही दारांवर मोर. महिनाभर रोज झोपायच्या आधी अर्धा तास. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक मामा राहतात, हयात चादरीच्या कारखान्यात गेली, जॅकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करायचे. त्यांना दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मोर बरा जमलाय. पण हे तू वरून चिकटवलंयस की रे. आमच्यात चिकटवायचं नसतं. पत्त्याला भोक आहे तिथं धागा उचलला जातो, नाही तिथं खाली राहतो. बास. त्यातूनच मोर निघतो." मग कागद मागितला आणि चौकटीच्या वहीवर मोराची मान घर मोजत काढून दिली. मी तसेच चौकोन लावत गेलो. गोलाई सोडून पायऱ्या-पायऱ्यांची मान केली, आणि लांबून गाडी खरोखर चादर पांघरल्यासारखी दिसायला लागली. मात्र आकारांना मर्यादा आहे. मानेत आणि पिसाऱ्यातच बहुतेक संपले, बॉनेटवर नुसती किनार आली.

एक अडचण: एका दाराचं चित्र उलटवून दुसऱ्या दारावर टाकायची सोय आहे, पण अक्षरंही उलटी होतात. ती वेगळी लावावी लागतात. देवनागरी नाहीच, 'सोलापूर' मी रेघा जोडून लिहिलंय. 'पू' चा उकार अजून 'पु' सारखाच दिसतो.

पैशांचं मात्र तोंड भरून वाईट बोलावं असं आहे. दोन प्रकारची नाणी. साधी नाणी खेळून मिळतात, दुसरी जवळपास विकतच. चांगली इंजिनं आणि निम्मे बॉडी किट दुसऱ्या नाण्यांवर. नाहीतर तीस-तीस सेकंदांच्या जाहिराती बघा. एका रविवारी मी मोजलं: तासाभरात गाडी चालवली पस्तीस मिनिटं, बाकी वेळ जाहिराती आणि फिरणारं चक्र. आठ महिन्यांत ६३८ रुपये घातले, त्यातले ४०० एका गाडीवर, जी आता गॅरेजमध्ये नुसती उभी आहे. घरी हा आकडा सांगितलेला नाही.

आणि एप्रिलमधला अपडेट. एका सकाळी उठलो तर सगळ्या टायरांची पकड बदललेली. पाच महिने घासून बसवलेले सेटअप एका रात्रीत वाया. गाडी बर्फावर चालल्यासारखी. दोन दिवस हात लावला नाही, तिसऱ्या दिवशी मागची हवा चार पॉइंटने उतरवून परत पहिल्यापासून बसलो. जुन्या टायरांवरचे सेटअप ठेवायची सोय द्यायला काय हरकत होती?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा गेम खेळणाऱ्यांना एक सल्ला. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला की दहा मिनिटांत फोन तव्यासारखा तापतो आणि गेम अडखळायला लागतो. ग्राफिक्स सगळ्यात खाली, धूर बंद, कव्हर काढून फोन कूलरपुढे. आता कूलरला पाणी किती घालायचं हे नळाला पाणी कितव्या दिवशी येणार त्यावर, तेव्हा गेम किती वेळ खेळायचा हेही महापालिकाच ठरवते म्हणा. घामाने अंगठा घसरतो त्याला टाल्कम पावडर. हसू नका, बोटं कोरडी राहतात.

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही. रात्री अकरानंतर बरं चालतं, त्याआधी पुढची गाडी उड्या मारत जाते आणि जोडीने ड्रिफ्ट करायची मजा जाते. संगीत पहिल्या दिवशी बंद केलं. इंजिनचा आवाज छोट्या गाड्यांना चांगला आहे, मोठ्यांना पिठाच्या गिरणीसारखा.

मागच्या महिन्यात एक पोरगा स्विफ्ट घेऊन दुकानात आला. फोनवर याच गेममधला सेटअप काढून दाखवला, "दादा, सेम हेच करून द्या. उणे पाच." त्याला म्हटलं, अरे, ही पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी आहे, हिची मागची चाकं नुसती मागं येतात. हँडब्रेक ओढून घसरेल, ड्रिफ्ट होणार नाही. मागून ढकलणारी पाहिजे तर तुझ्या बापाची ओम्नी जास्त लायक आहे. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीत मूळ कागदपत्रांशी न जुळणारा बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. तो म्हणाला, "मग टायर तरी रुंद टाका की ओ." टायर कंपनीच्याच मापाचे टाकले, कॅम्बर हिरव्यात आणून दिला. जाताना त्याचा गेममधला आयडी घेतला. त्याचा मागचा टो चुकलेला होता, तो रात्री मी दुरुस्त करून दिला.

तर पाचपैकी साडेतीन. नुसती शर्यत खेळायची असेल तर घेऊ नका, आठवड्यात कंटाळाल. आकडे बदलत बसायची खोड असेल तर घ्या, पण पहिला महिना एक रुपयाही घालू नका. एप्रिलनंतरचा माझा सेटअप विचारणाऱ्यांसाठी: पुढे कॅम्बर उणे पाच, कॅस्टर सात, टो किंचित बाहेर. मागे कॅम्बर जवळपास शून्य, टो किंचित आत. डिफ पूर्ण लॉक, तिसरा गिअर लांब. मोर हवा असेल तर त्याला सेटअप नाही, चौकटीची वही घ्या.